घिरट भंगारात देऊ नका

ॲबरडीन,
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नारळी पौर्णिमेचे फोटो मिळाले. हिरव्या लुगड्यात तू अगदी आजीसारखी दिसतेस. इथे सध्या रात्री नऊपर्यंत उजेड असतो, जेवायची वेळच कळत नाही. तब्येत बरी आहे. बाकीचं फोनवर बोलूच, आज वेगळ्याच कामासाठी लिहितोय.

दादूस म्हणाला, घर उतरवायचं ठरलं आणि माळा रिकामा करायला घेतलाय. जुनी डोल, फुटके टोप, काकांचे पेपरचे गठ्ठे, काय द्यायचं ते भंगारवाल्याला द्या. पण कोपऱ्यात गोणपाटाखाली घिरट आहे, ते देऊ नका. दादूस त्याला ‘मोठं जातं’ म्हणतो. जातं नव्हे ते. जात्यात पीठ दळतात, घिरटात भात भरडून तूस काढतात. लहानपणी मी त्यावर बसून अभ्यास करायचो आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही, की वेसाव्याच्या कोळ्याच्या घरात घिरट कशाला? आपण म्हावरं विकून तांदूळ आणणारी माणसं. ज्याच्या घरी भात येतं त्यालाच घिरट लागतं.

हा प्रश्न इथे आल्यावर पडला. माझ्याबरोबर काम करणारा एकजण इथल्याच किनाऱ्यावरच्या मच्छीमार घराण्यातला. एका रविवारी तो मला ‘फिटी’ला घेऊन गेला. बंदराच्या तोंडाशी असलेला हा इथला कोळीवाडाच म्हण, फक्त घरांची पाठ समुद्राकडे. पुढे त्याच्या गावची दफनभूमी दाखवली. दगडावर नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं नाव होतं, तेही माहेरच्या आडनावासकट. इथे १८५५ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा मेलेल्याच्या आईचं माहेरचं आडनाव असतं. त्यामुळे त्याला आपल्या पणजीचं सगळं ठाऊक. ती शेतावरची पोर, मच्छीमाराच्या घरात पडली. इथे पूर्वी मच्छीमार सहसा मच्छीमाराचीच मुलगी करायचे, कारण बायकोला रोज शेकडो गळांना शिंपल्यांचं मांस लावावं लागे आणि पाटी पाठीवर घेऊन मासे विकायला जावं लागे. शेतावरच्या पोरीला ते काय येणार, म्हणून तिला गावाने आयुष्यभर टोमणे मारले.

ते ऐकलं आणि मला आजीचा आवाज आला. सासूबद्दल बोलताना ती हमखास म्हणायची, “ती भातातली, तिला बोंबलाचं काय कलतंय!” मला वाटायचं, सासू-सुनेचं आहे ते. भातातली म्हणजे भातशेतीतली, हे इतक्या वर्षांनी टाळक्यात शिरलं.

मग पणजीचं माहेर शोधायला लागलो. पहिल्यांदा काकांच्या मुलीच्या जात पडताळणीची फाइल मागवली. आपल्याकडे वंशावळ हवी असेल तर ती तिथेच सापडते, स्टँप पेपरवर, प्रतिज्ञापत्रासकट. पाच पिढ्या ओळीने मांडल्यात आणि त्यात एक बाई नाही. पुरावा बापाकडून लागतो, म्हणून आया गळाल्या. म्हणजे ज्या बाईमुळे आपण शेतकऱ्यांचे नातेवाईक झालो, तिलाच आपल्या वंशावळीत जागा नाही!

देवावरून काही लागतं का पाहिलं. कार्ल्याची एकवीरा कोळ्यांचीही आणि आगऱ्यांचीही. तिथे वाट बंद. लग्नात धवले म्हणणारी धवलारीण दोघांकडेही असते, तेही निरुपयोगी.

उपयोगी पडल्या त्या आजीच्या तारखा. तिला साल ठाऊक नसायचं, पण घटना पक्क्या. “माजी सासू पिलेगची” हे मी स्वतः ऐकलंय. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये, म्हणजे पणजी त्याच्या आसपासची. धाकटे आजोबा मिठाच्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठावर धाड पडली त्या साली झाले, म्हणजे १९३०. आणि बाकी सगळे गोदीतल्या स्फोटाच्या आधीचे किंवा नंतरचे, म्हणजे १९४४ च्या. वडाळ्याची धाड वेसाव्याच्या घरात इतकी लक्षात का राहावी? आजीला मी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “सासूच्या माहेरचा मिठाचा धंदा होता ना.” त्या वेळी मी पुढे काही विचारलं नाही. गाढवपणा.

मीठ आणि भात दोन्ही, म्हणजे आगरी. आगर म्हणजे मिठागर, हे तुला मी सांगायला नको. पावसाळ्यात खार जमिनीत भात, पाऊस गेला की मीठ. आता आपलं वर्ष त्याशेजारी ठेवून बघ. होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हाच त्यांची लावणी असते, हाताखाली माणसं हवी असतात. आणि आपल्याला मासे खारवायला मीठ लागतं, ते त्यांच्याकडे. दोन जाती वेगळ्या खऱ्या, पण सुकट-बोंबील तिकडे आणि मीठ-तांदूळ इकडे हे येणं-जाणं सतत चालू. पणजोबांनी पणजीला कुठे पाहिलं असेल, हे मला आता कोणी सांगायची गरज नाही. मिठाच्या राशीपाशीच.

पणजीचं माहेरचं गाव भांडुप निघालं. साष्टीतली ही गावं १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, मुंबई उपनगर जिल्हा त्यानंतरचा. त्यामुळे आधीचे कागद ठाण्यात शोधावे लागतात, हे कळायलाच सहा महिने गेले. धाकट्याने खेपा मारल्या, त्याला माझ्यातर्फे एक पापलेट खाऊ घाल. शेवटी १९१४ चा एक फेरफार, म्हणजे जमीन नव्या नावावर चढवल्याची नोंद, मिळाला. मोडीत आहे. पुण्याच्या एका वाचकाकडून बालबोध करून घेतला. मजकूर तीन ओळींचा : खातेदार मयत, मुलगा नाही, वारस मुलगी, राहणार वेसावे. आणि पुढे तिचं नाव, ‘कोम’ लावून पणजोबांचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. मुलगा असता तर ही ओळ लिहिली गेली नसती आणि पणजी कागदावर आलीच नसती. भाऊ नाही म्हणून तिची नोंद झाली, हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.

काकांना हे सगळं पसंत नाही. “आपण सोनकोळी, आगरी-बिगरी काय काढतोस, पोरांच्या दाखल्यात घोळ होईल,” असं फोनवर ओरडले. त्यांची भीती मला कळते, पडताळणीसाठी त्यांनी किती चपला झिजवल्या ते पाहिलंय. पण दाखला बापाच्या बाजूने मिळतो, आणि बापाच्या बाजूला तर मी हातही लावलेला नाही. त्यांना तू समजाव. तुझं ते ऐकतात.

आता तुझ्याकडचं काम. पणजी गेली तेव्हा तू दहा-बारा वर्षांची असशील. तिला बघितलेलं आता घरात तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलत. आपल्या घरात तिचं जे नाव घेतात, ते फेरफारात नाही, तिथे दुसरंच आहे. ते मी या पत्रात लिहीत नाही, मुद्दाम. मी सांगितलं की तुला तेच आठवल्यासारखं होईल आणि खरं-खोटं कधीच कळणार नाही. तू घाई न करता आठव. भांडुपची माणसं घरी यायची का? तांदळाची गोणी आणणारा कोणी मामा वगैरे? ते तिला हाक कशी मारायचे? लावणीला ती माहेरी जायची तेव्हा तुला कधी नेलं होतं का? आठवेल तसं फोनमध्ये बोलून पाठव, तुकड्या-तुकड्यांत चालेल. आपल्या बोलीतच बोल, शुद्ध बोलायच्या नादात अर्धं राहून जातं.

घिरटाचा वरचा भाग उलटा करून बघायला दादूसला सांग. लहानपणी हाताला काहीतरी कोरलेलं लागायचं, अक्षर होतं की नुसती नक्षी ते आठवत नाही. उजेडात फोटो काढून पाठवा. घर उतरवेपर्यंत ते तुझ्या खोलीत राहू दे, डिसेंबरात मी येतोच आहे.

काकांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाचा