नवोदित चालकांचं मोजमाप गुणतक्त्यावरून नको

मा. संपादक,
स. न.

फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या मोसमाचा लेखाजोखा मांडताना नवोदितांची क्रमवारी सर्रास गुणांवरून लावली जाते: अँतोनेली १५०, हाजार ५१, बेअरमन ४१, बोर्तोलेतो १९, डूहान शून्य. ही क्रमवारी चालकांची कमी आणि गाड्यांची जास्त आहे.

अँतोनेलीने पदार्पणातल्या गुणांचा हॅमिल्टनचा विक्रम मोडला, याचं कौतुक झालं. हॅमिल्टनचे २००७ मधले १०९ गुण १७ शर्यतींतले होते. तेव्हा विजेत्याला १० गुण मिळत आणि आठव्या क्रमांकानंतर काहीच नसे. त्याच निकालांना आजचा (पहिल्या तिघांना २५-१८-१५ गुण असा) हिशेब लावला तर बेरीज २६५ होते. अँतोनेलीच्या वाट्याला २४ शर्यती आणि वर सहा स्प्रिंट, म्हणजे गुण देणाऱ्या छोट्या शर्यती, आल्या. विक्रम खरा, पण त्यावरून दोघांची तुलना होत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण नारायण कार्तिकेयनचं. २००५ च्या पदार्पणाच्या मोसमातले त्याचे पाचही गुण एकट्या इंडियानापोलिसचे. तिथे मिशेलिन टायरच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (सुरुवातीआधीच्या संथ चकरेनंतर) थेट पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागी, गेल्या आणि शर्यत सहा गाड्यांत झाली. त्या पाच गुणांवरून त्याच्या वेगाबद्दल काय कळणार?

नवोदिताला मोजायचं ते त्याच संघाच्या तशाच गाडीत बसणाऱ्या सहकाऱ्याशी, आणि आधी पात्रता फेरीत, म्हणजे सहसा शनिवारी सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत. दोघेही धावले अशा शेवटच्या सत्रातल्या सर्वोत्तम वेळा घ्याव्यात. एकाची क्यू-वनमधली (पहिल्या सत्रातली) आणि दुसऱ्याची क्यू-थ्रीमधली (तिसऱ्या सत्रातली) वेळ शेजारी ठेवू नये, कारण दरम्यान ट्रॅकवर रबर बसतं आणि वेळा आपोआप उतरतात. फरक सेकंदांत नव्हे, टक्क्यांत काढावा. ऑस्ट्रियात लॅप साधारण ६४ सेकंदांचा, स्पामध्ये १०० च्या आसपास. म्हणजे तेच तीन दशांश सेकंद एकीकडे ०.४७ टक्के, दुसरीकडे ०.३० टक्के. लास व्हेगाससारखी ओली पात्रता फेरी, पिवळ्या झेंड्यात (धोक्याच्या इशाऱ्यात) अडकलेला किंवा ट्रॅक लिमिट्समुळे (ट्रॅकची हद्द ओलांडल्याने) रद्द झालेला लॅप, एकाच गाडीला मिळालेला नवा भाग, हे सगळं वगळावं. उरलेल्या फरकांची सरासरी न काढता मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा, नाहीतर एखादा फसलेला शनिवार अख्ख्या मोसमाचं चित्र बिघडवतो.

शर्यतीतला वेग काढणं जास्त किचकट. दहा किलो इंधनामागे लॅपला सुमारे तीन दशांश सेकंद जातात आणि पुढच्या गाडीच्या दोन सेकंदांच्या आत राहिलं की टायर तापतात. म्हणून सारख्या टायरवरचे, मोकळ्या हवेतले (पुढे जवळ गाडी नसतानाचे), शर्यतीच्या एकाच टप्प्यातले लॅप तेवढे तुलनेला घ्यावेत. बरेचदा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

चुकांचा हिशेब मात्र वेगळा मांडावा. बेअरमन सिल्व्हरस्टोनला पात्रता फेरीत आठवा आला होता. पण त्याआधीच्या सरावात लाल झेंडा असताना (सत्र थांबवलेलं असताना) तो पिटच्या तोंडाशी भिंतीवर आदळला होता. सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे जाण्याची शिक्षा झाली, अठराव्या जागेवरून सुरुवात करावी लागली आणि शेवट अकराव्यावर, म्हणजे गुणांच्या एक पायरी खाली झाला. शिवाय चार पेनल्टी पॉइंट्स, म्हणजे चालकाच्या नावावरचे दोषगुण. ही वेगाची नव्हे, शिस्तीची उणीव, आणि ती सुधारता येते. ओकॉनसारख्या मुरलेल्या सहकाऱ्यापेक्षा (३८) तीन गुण जास्त मिळवणारा चालक इतक्या शिक्षा भोगून ते करतो, ही मोठी गोष्ट आहे.

अँतोनेलीचा आलेखही बेरजेत हरवतो. पहिल्या १४ शर्यतींअखेर ६४ गुण, उरलेल्या दहांत ८६. मधल्या युरोपीय टप्प्यात, कॅनडातला तिसरा क्रमांक सोडला तर, तो चाचपडत होता. त्याच्या मर्सिडीज संघाने इमोलात आणलेल्या मागच्या सस्पेन्शनवर त्याचा विश्वास बसत नव्हता. हंगेरीत ते कायमचं काढलं. तरीही सातवा मोसम खेळणाऱ्या सहकारी रसेलचे ३१९ आणि याचे १५०, हे अंतर नजरेआड करता येणार नाही.

सहकारी कोण, हेही पाहावं लागतं. बोर्तोलेतोचे १९ आणि हुल्केनबर्गचे ५१ हा फरक भयंकर दिसतो, पण त्या ५१ पैकी १५ सिल्व्हरस्टोनच्या पावसातले आहेत आणि शनिवारी दोघांचा मामला जवळजवळ बरोबरीचा होता. डूहानला सहाच शर्यती मिळाल्या; त्याच्या जागी आलेल्या कोलापिंतोलाही गुण मिळाला नाही. त्यांच्या अल्पाइन संघाचे सगळे २२ गुण दुसऱ्या गाडीतल्या गॅस्लीचे. अशा गाडीतल्या शून्यावरून निकाल देणं अन्यायाचं आहे.

माझ्या लेखी पहिला क्रमांक हाजारचा. मेलबर्नला ओल्या फॉर्मेशन लॅपमध्येच गाडी भिंतीवर गेली, इतकी वाईट सुरुवात क्वचित कुणाची होते. त्यानंतर त्याने झँडव्होर्टला चौथ्या जागेवरून निघून तिसरा क्रमांक मिळवला. रेसिंग बुल्समधला त्याचा बहुतेक मोसमाचा सहकारी लॉसन ३८ वर थांबला.

नव्या मोसमात क्रीडापानावर गुणांच्या रकान्याशेजारी सहकाऱ्याशी पात्रता फेरीतला टक्केवारीतला फरक आणि पेनल्टी पॉइंट्स असे दोनच रकाने वाढवावेत, ही विनंती. सत्रवार वेळा आणि पंचांचे निर्णय दर शर्यतीनंतर अधिकृतपणे जाहीर होतात, त्यामुळे सामग्री हाताशीच असते.

एक नियमित वाचक, पुणे