दूध नासलं नाही म्हणून हे पत्र

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या चाळीसगावात मे महिन्याचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. परवा सकाळी दूध घेतलं अन् लग्नाच्या घाईत तापवायचं राहूनच गेलं, संध्याकाळी सातला आलो तर दूध जसंच्या तसं! आम्ही खुश. रात्री बायकोने तापवून विरजण लावलं तर सकाळी दही नाहीच, नुसतं पांढरं पाणी. आई म्हणे, भाऊ, या दुधात कायतरी आहे. दूधवाल्याला विचारलं तर हसून म्हणतो, उन्हाळ्यात थोडं औषध टाकावंच लागतं, नाहीतर रस्त्यातच फाटतं.

औषध म्हणजे सोडा का फॉर्मालिन (मृतदेह टिकवायला वापरतात ते रसायन), ते काही त्याने सांगितलं नाही.

हा धंदा जुनाच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेत दुधात फॉर्मालिन अन् लोण्यात बोरिक, म्हणजे आपण कॅरमवर टाकतो तीच पावडर, सर्रास चालायची. १९०२ ला अमेरिकेत सरकारी रसायनशास्त्रज्ञ डॉ. वायली यांनी तरुण पोरांना मुद्दाम टाकणखार, म्हणजे बोरिकच्याच जातीचा क्षार, खाऊ घालून बघितला, आधी लोण्यातून दिला तर पोरं लोणीच खाईनात, मग कॅप्सूलमधून दिला, डोकं दुखायला लागलं, भूक गेली. १९०६ ला तिथे कायदा झाला. इंग्लंडात कमिटीने १९०१ लाच सांगितलं की दुधात असलं काही नको, तरी नियम यायला १९१२ उजाडलं. आपल्याकडे भेसळीचा कायदा १९५४ ला आला, आता त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे. म्हणजे कायदा नाही असं कोणी म्हणू नये.

गंमत बघा, लॅबला पाठवायच्या दुधाच्या बाटलीत नियमानेच फॉर्मालिन टाकतात, नमुना टिकावा म्हणून. ते बाटलीसाठी ठीक आहे हो, नातवाच्या दुधात कशाला?

डेअरीवर फॅट रोज मोजतात कारण त्यावर भाव कापायचा असतो. फॉर्मालिन बघायला तर टेस्ट ट्यूबच्या कडेने सल्फ्युरिक अ‍ॅसिड सोडलं की मध्ये जांभळी रिंग दिसते, अन् जुन्या पद्धतीने फॅट मोजायला हेच अ‍ॅसिड लागायचं, म्हणजे डेअरीला ते नवं नाही. (घरी करू नका, हात भाजेल.) एप्रिल ते जून तरी संकलन केंद्रावर ही टेस्ट रोज गिऱ्हाइकासमोर करावी अन् निकाल फॅटच्या शेजारी फळ्यावर लिहावा, एवढंच अन्न प्रशासनाला सांगणं आहे. लग्नसराईतल्या खव्याचं वेगळं पत्र लिहितो.

– एक वाचक, चाळीसगाव