जिन्याखालच्या बोर्डातली काळी जोडी

चारकोप, कांदिवली
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा, तुम्ही दोनदा "कसली सिंगल लाइन?" म्हणालात आणि रेंज गेली. म्हणून हे पत्र धाकट्या काकाबरोबर पाठवते आहे. तो उद्या रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघतोय. आत दोन कागद आहेत. एकावर सही हवी, दुसरा मुद्दाम कोरा ठेवलाय.

गच्चीवर चार पॅनल बसले. पाण्याची टाकी आणि जिन्याची टोपी सोडून जेवढी जागा उरली तेवढ्यात चारच मावले. आई, पूर्वेच्या कठड्याजवळ तुझ्या कुरडयांना दोन साड्या पसरता येतील एवढी जागा मी भांडून राखली आहे. पण पॅनल लागून महिना झाला तरी सोलरचा इन्व्हर्टर बंदच. वीज कंपनीकडून आराखडा (तीच ती सिंगल लाइन) पास होत नाही, तोवर घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणारं मीटर लागत नाही. मीटर लागून दाखला निघाल्याशिवाय सरकारच्या योजनेतले ६० हजारही खात्यात येत नाहीत. (खातं बाबांचं लागेल, बिल त्यांच्या नावावर आहे. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काकाकडेच द्या.)

सिंगल लाइन म्हणजे घराची वायरिंग एका रेघेत काढायची. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची) वेगळे दाखवायचे नाहीत, पण पॅनलपासून कंपनीच्या मीटरपर्यंत वाटेत जे जे लागतं ते त्याच क्रमाने आणि आकड्यांसकट दाखवायचं. पॅनल ५४० वॅटचे चार, गणपतीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकाचे साधारण ४९ व्होल्ट, म्हणजे माळेचे १९६, आणि तेही डीसी, बॅटरीसारखे एकाच दिशेने वाहणारे. बाबा, एसी, म्हणजे घरात येणारी वीज, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी आपसूक विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी धरून बसते. म्हणून त्या बाजूला साधा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) चालत नाही, डीसीचाच लागतो. पुढे डीसीचं एसी करणारा २ किलोवॅटचा इन्व्हर्टर, एसीचा डबा, सोलरचं वेगळं मीटर, मेन स्विच.

हे सगळं मी एका संध्याकाळी काढून मोकळी झाले. खरं सांगायचं तर काढलं नाही, ऑफिसातल्या एका जुन्या फाइलमध्ये नाव-पत्ता बदलला. सगळे तेच करतात. कॉन्ट्रॅक्टरने शिक्का मारला.

तपासणीला आलेला इंजिनिअर माझ्यापेक्षा लहान असेल. गच्चीवर पाच मिनिटं, आणि जिन्याखाली अर्धा तास. कपाटाचं दार उघडून त्याने बॅटरी पाहिली, मग माझा आराखडा पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ही यात कुठे आहे?" कुठेच नव्हती. ज्या फाइलवरून उतरवलं त्या घरात बॅटरीच नव्हती ना!

तुम्हाला आठवत असेलच. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आपल्याकडे तीन दिवस लाइट नव्हती, आणि चौथ्या दिवशी तुम्ही बॅटरी-इन्व्हर्टर रिक्षात घालून आणलात. वायरिंग स्वतः केलीत. टॉर्च धरायला मी होते आणि हात हलला म्हणून ओरडा खाल्ला होता.

तो माणूस गेल्यावर मी बोर्ड उघडला. किटकॅट फ्यूज, लाकडी फळी, चेंजओव्हर (घर कंपनीच्या लाइटवरून बॅटरीवर घेणारा स्विच), सगळं जागच्या जागी, वायरींना बाक दिलेला, अजून एक टोक सैल नाही. पण फळीच्या मागून दोन काळ्या वायरी, पीळ घातलेल्या, प्लास्टरमध्ये जातात. काळी म्हणजे न्यूट्रल असं धरून मी मेन बंद केला, घर बॅटरीवर घेतलं आणि टेस्टर लावला. एका काळीला दिवा पेटला. बाबा, लाल संपली होती का?

दाराच्या आतल्या बाजूला तुमचं पेन्सिलीतलं अक्षर आहे: "वर ३, खाली २, शे. १". वरचे तीन आणि खालचे दोन पॉइंट सापडले. 'शे.' दोन दिवस कळेना. मला शेगडी वाटली.

गुरुवारी रात्री लाइट गेली तेव्हा मी गच्चीवर उभी होते. अख्खी रांग काळोखात आणि शेजारच्यांच्या मोरीत बल्ब चालू.

आता मला आठवतंय ते बरोबर आहे का, आई, तूच सांग. शेजारच्या आजी त्या पावसात मोरीत पडल्या होत्या ना? बाबांनी तेव्हाच त्यांना एक पॉइंट ओढून दिला असणार. आजी जाऊनही बरीच वर्षं झाली. त्यांच्या सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "तो बल्ब कधी जातच नाही, आम्हाला वाटायचं वायरिंग चांगली आहे." वायरिंग चांगली आहेच म्हणा.

बाबा, ही जोडी महत्त्वाची का ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते. कंपनीची लाइट गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. तुम्ही गिरणीत मेनच्या फ्यूजची पकड काढून खिशात घालूनच वर चढायचात, तीच गोष्ट. आई, त्यामुळे लाइट गेली की भर उन्हातही सोलर बंद, चिडू नकोस. पण सोलरची वायर चुकून चेंजओव्हरच्या पुढे जोडली, तर जुन्या इन्व्हर्टरची वीज बघून त्याला वाटेल कंपनीची लाइट आहेच. मग तो बंद पडणार नाही, पॅनलची वीज बॅटरीवाल्याच्या तोंडात ढकलत राहील. म्हणून सोलर चेंजओव्हरच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला घ्यायचं. ते दाखवायचं तर अलीकडे-पलीकडे काय आहे ते आधी कळायला हवं.

अर्थिंगचंही निघालं. पॅनल-सांगाड्याची एक, एसीची एक, आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाची वेगळी, अशा तीन लागतात. तुळशीजवळची तुमची जुनी कोळसा-मिठाची अर्थिंग मोजली, साडेतीन ओहम आली (आकडा जितका कमी तितकी चांगली). मीटर लावणारा म्हणाला, इतकी जुनी आणि एवढी चांगली कशी? आई, ती तू रोज घातलेल्या पाण्यामुळे. उरलेल्या दोघींसाठी मात्र तुझा मोगरा हात-दीड हात सरकवावा लागेल. मुळासकट काढेन, घाई करणार नाही.

तर कोऱ्या कागदावर, बाबा, बोर्डाची वायरिंग तुमच्या हाताने काढा. एका रेघेत नको, तुमच्या पद्धतीने, फेज-न्यूट्रल वेगळे. चेंजओव्हरला न्यूट्रलही तुटतो की नुसता फेज, आणि ती काळी जोडी भिंतीत कुठून वळते, एवढं नक्की दाखवा. दुसऱ्या कागदावर सही फुलीच्या जागी, बिलावर आहे तसं पूर्ण नाव घालून.

शेजारचा पॉइंट काढावाच लागेल, आपल्या मीटरवरून दुसऱ्या घराला वीज देता येत नाही. सुनेला मी सांगितलंय. तिच्या मोरीत चार्जिंगचा बल्ब लावून देईन आणि मगच जोडी कापेन. तुमचा कागद येईपर्यंत बोर्डाला हात लावत नाही. टेस्टर पुसून दाराच्या खिळ्याला अडकवला आहे.

तुमची,
छकुली