परिवहनमंत्र्यांना खुले पत्र: कुत्री दिसताच निघून जाणाऱ्या टॅक्सीविषयी

माननीय परिवहनमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी अंध आहे. लेखन आणि व्याख्याने हा माझा व्यवसाय, त्यामुळे प्रवास पाचवीला पुजलेला. सोबत माझी कुत्री असते, प्रशिक्षित गाईड डॉग. व्यासपीठावर ती टेबलाखाली निमूट पडून राहते. भाषण लांबले की मोठ्याने जांभई देते, आणि टाळ्या तिलाच जास्त पडतात. सभागृहात आमचे छान चालते. घोडे अडते ते तिथवर पोचण्यात.

ॲपवरून टॅक्सी बोलावतो. गाडी येते, वेग कमी होतो, इंजिनाचा आवाज क्षणभर समोर घुटमळतो आणि दूर जातो. फोन सांगतो, 'प्रवासी जागेवर नव्हता.' वर फेरी रद्द झाल्याचा भुर्दंड माझ्याच खात्यावर. तक्रार करावी तर अर्जात गाडीचा फोटो मागतात! रस्त्यात हात दाखवून थांबवलेल्या गाडीचा तर नंबरही आम्हाला कळत नाही. हा अर्ज तयार करणाऱ्याने तो अंध माणूस भरणार आहे याचा विचारच केला नसावा.

कोणी थांबलाच तर म्हणतो, "कुत्र्याला डिकीत टाका." रागावण्यापेक्षा समजावणे बरे, म्हणून सांगतो. वाट कुत्रीला नाही, मला ठाऊक असावी लागते. डावीकडे-उजवीकडे मी सांगतो. सिग्नल ती वाचत नाही. रहदारीच्या आवाजावरून रस्ता कधी ओलांडायचा हे मीच ठरवतो. ती खांब, खड्डे, डोक्याला लागेल अशी फांदी चुकवते आणि पायरीच्या काठाशी थांबते. मी 'पुढे' म्हटले आणि गाडी अंगावर येत असेल, तर ती जागची हलत नाही. हुकूम कधी मोडायचा, हेही तिला शिकवलेले असते. तिला डिकीत टाकून मी गाडीतून उतरायचे कसे?

अशा कुत्र्यांची पहिली शाळा १९१६ साली जर्मनीतल्या ओल्डेनबर्गला निघाली, महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी. शंभरावर वर्षे उलटली, तरी गाडीच्या दाराशी वाद तोच. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे कलम २० हिंडण्या-फिरण्यासाठी जिवंत साहाय्य, म्हणजे माणसाची किंवा प्राण्याची मदत, मिळण्याची सोय करायला सरकारांना सांगते. कागदावर उणीव नाही.

चालकांचीही बाजू आहे. काहींना खरोखर ॲलर्जी असते. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वैद्यकीय कारण असलेल्या चालकाला सवलतीचा दाखला मिळतो, तसे जरूर करा. घरच्या लाडक्या कुत्र्याला गाईड डॉगसारखे जॅकेट चढवून फिरवणारेही आहेत, आणि त्यांचे फळ आम्ही भोगतो. माझी कुत्री भुंकली, कोणाच्या अंगावर गेली, तर आम्हाला खुशाल उतरवा. पण आधी वागणूक तर पाहा. आणि कृपा करून दर प्रवासाआधी नवा परवाना काढायला लावू नका. चार दिवस आधी ठरवून फिरण्याची सक्ती इतर कोणा प्रवाशावर नाही.

मागणी एवढीच. टॅक्सी आणि माझा फोन एकाच जागी होते, ही नोंद कंपनीकडे असतेच. तिच्यावरूनच चौकशी करा. नकार दिला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाका आणि दंडही तिच्याकडून घ्या. शिवाय आपले अधिकारी साध्या वेशात आमच्यासोबत रस्त्यावर उभे करा. मी आणि कुत्री हजर राहू. तारीख आपल्या कार्यालयाने कळवावी.

आपला,
एक अंध लेखक आणि व्याख्याता