कोकणातल्या मालकी रानांना वनशास्त्राचे पदवीधर हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपण काढलेली करिअर पुरवणी मी दरवर्षी वर्गात नेते. यंदाही नेली. वनशास्त्राला तिच्यात एक छोटी चौकट आहे आणि त्या चौकटीत फक्त भरती आहे: भारतीय वनसेवा, राज्यातली सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदे, वनरक्षक. पुरुष उमेदवाराला चार तासांत 25 किलोमीटर चालून दाखवावे लागते, हेही आपण दिले आहे. माहिती बरोबर आहे. पण ती वाचून माझ्या विद्यार्थ्यांचा समज असा झाला की झाडांचे शिक्षण घ्यायचे ते वर्दीसाठी, आणि वर्दी मिळाली नाही तर ते शिक्षण वाया गेले. या समजाबद्दलच मला लिहायचे आहे, कारण त्यात आमच्या जिल्ह्याचे फार मोठे नुकसान दडलेले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. घरचे थोडे रानही आहे. विदर्भातल्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण आमच्याकडे सरकारी जंगल अगदी नगण्य आहे. डोंगरउतारांवर दिसणारे ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा हे जवळजवळ सगळे कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावरचे आहे. म्हणजे इथल्या जंगलाचे भवितव्य वनखात्याच्या आराखड्यात ठरत नाही, ते एखाद्या घराच्या पडवीत ठरते. मुलीचे लग्न, आजारपण, मुंबईच्या भावाने मागितलेला हिस्सा, असे काहीतरी निमित्त होते आणि रान तोडायला दिले जाते.

हा व्यवहार कसा होतो हे शहरातल्या वाचकांनी एकदा पाहावे. व्यापारी येतो, बांधावरून नजर फिरवतो, रानात शंभरेक पावले आत जाऊन येतो आणि सगळ्या उताराचा मिळून एक आकडा सांगतो. उक्ता सौदा. झाडे किती, कोणती, घेर केवढा, सरळ खोड किती फूट, यातले काहीही कागदावर येत नाही. मग कटर लागतात. चाळीस-पन्नास वर्षांचा किंजळ आणि परवा वाढलेले रायवळ झुडूप एकाच मापाचे तुकडे होऊन एकाच ट्रकमध्ये पडतात आणि कोळशाच्या नाहीतर बॉयलरच्या भट्टीत जातात. ज्या किंजळाच्या तुळया आमच्या आजोबांच्या घराने अंगावर वागवल्या, त्याच किंजळाची किंमत सरपणाच्या वजनावर होते. आणि त्याच गावात नवे घर बांधले की चौकटीचे लाकूड वखारीतून येते, बऱ्याचदा परदेशातले, कांडला बंदरात उतरलेले.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या रानात असाच सौदा ठरत होता. माझा एक माजी विद्यार्थी दापोलीला वनशास्त्र शिकून आला आहे. त्याला मी बोलावले. त्याने टेप काढली. उतारावरच्या झाडाचा घेर वरच्या अंगाला उभे राहून, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्यायचा असतो, हे रानमालकाने पहिल्यांदाच ऐकले. नंतर आडव्या पडलेल्या एका ओंडक्यावर त्याने वखारीचा हिशेब करून दाखवला. ओंडका 15 फूट लांब, मधोमध घेर 6 फूट. वखारीत घेराचा चौथा हिस्सा घेतात, तो दीड फूट. त्याचा वर्ग सव्वादोन. गुणिले 15, म्हणजे 33.75 घनफूट. गोल खोडाचे खरे घनफळ काढले तर तेच लाकूड 43 घनफुटांच्या जवळ जाते. पंचमांशाहून जास्त फरक! हे सूत्र खोटे नव्हे. गोल ओंडका चौरस करताना जाणारी साल आणि फळ्यांची नासाडी त्यात धरलेली आहे आणि लाकडाच्या धंद्यात ते जुने, सर्वमान्य आहे. पण त्यात तूट आधीच वजा झालेली असते, हे विकणाऱ्याला माहीत नसते. म्हणून त्याच्याकडून सालीसाठी म्हणून पुन्हा घेर कमी करून घेतात आणि तो मान हलवतो.

खैराचे तर याहून वाईट. कात निघतो तो खैराच्या आतल्या तांबड्या गाभ्यातून, बाहेरच्या पांढऱ्या लाकडातून नाही. कोवळ्या खैरात गाभा बोटभर असतो. तो अजून काही वर्षे ठेवला तर घेर थोडाच वाढतो, पण गाभ्याचा वाटा पुष्कळ वाढतो. हे गणित कातभट्टीवाल्याला पाठ आहे, शेतकऱ्याला कुणी सांगितलेले नाही. त्यामुळे मनगटाएवढे खैर विकले जातात.

तोडायचे कसे, हाही ज्ञानाचाच भाग आहे. ऐन आणि किंजळ बुंध्यापासून पुन्हा फुटतात. खोड जमिनीलगत, पाणी साचणार नाही असे तिरके आणि साल न सोलता कापले, आलेल्या फुटव्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढले, वणवा आणि गुरे लागू दिली नाहीत, तर तेच रान नव्याने उभे राहते. कमरेएवढ्या उंचीवर कसेही कापून, वर पालापाचोळा पेटवून दिला की तो बुंधा मरतो. पुढच्या पावसात त्या उतारावरची माती खाली पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात येते. माझ्या मते कोकणातल्या जंगलतोडीवरची निम्मी चर्चा या एका गोष्टीपाशी यायला हवी. शेतकऱ्याने आपले झाड कधीच तोडू नये, असे त्याला सांगण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही. त्याने कोणते झाड, कधी, कसे आणि केवढ्याला तोडावे, हे सांगणारा माणूस त्याच्या शेजारी असावा, एवढे मात्र मी ठामपणे म्हणेन.

असा माणूस आपण तयार करतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. तिथे चार वर्षे मुले झाडांची वाढ, मोजणी, रोपवाटिका, विरळणी, लाकडाचे गुणधर्म, ते वाळवणे, सगळे शिकतात. आणि बाहेर पडून काय करतात? पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. त्या परीक्षांनाही वनशास्त्राचीच पदवी लागते असे नाही. विज्ञानाच्या इतर शाखांचे आणि अभियांत्रिकीचे पदवीधरही बसतात. जागा मोजक्या, उमेदवार अमाप. वयाची तिशी गाठेपर्यंत हातातली टेप सुटलेली असते. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही घरून हाच प्रश्न रोज विचारला जातो की परीक्षेचे काय झाले. रान मोजण्याचे काम त्याने पैसे घेऊन करायचे म्हटले तर त्याला ना परवाना, ना ठरलेला मेहनताना. जमीन मोजायला भूमापक आहे, घराची किंमत करायला मूल्यांकनकार आहे, हिशेब तपासायला सनदी लेखापाल आहे. उभ्या झाडांची किंमत करायला मात्र असा स्वतंत्र माणूस आमच्या गावांत मिळत नाही.

कायदे मात्र आहेत. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, बिजा, हळदू अशी झाडे अनुसूचित केली. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या परवानगीत झाड तोडावे की नाही याचा विचार होतो, मालकाला वाजवी दाम मिळाले की नाही याचा होत नाही. शहरांसाठी 1975 चा झाडे जतनाचा कायदा आहे आणि 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले. झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी रोपे लावायची असेही ठरले. उत्तम झाले. पण उभ्या झाडाचे वय काढणार कोण? सागाच्या खोडात वर्षावलये, म्हणजे दरवर्षीच्या वाढीची वर्तुळे, स्पष्ट दिसतात, आंब्यात ती तशी दिसत नाहीत. वडाला घेरावरून वय लावायचे तर त्याला जाणकार लागतो. शिवाय पावसाळ्यात रस्त्यावर पडणारी झाडे आधी तपासायची, मुळांभोवतीचे काँक्रीट कुठवर काढायचे, कोणती फांदी उतरवायची, ही कामे प्रत्येक नगरपालिकेला आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती ठेकेदाराच्या कोयत्यावर सोडलेली असतात.

मोजमाप लोकांच्या हाती आले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गावाने आपला बांबू आपण मोजून, आपण बोली लावून विकला. तिथले जंगल, तिथला समाज आणि तिथला कायदा आमच्याहून वेगळा आहे, हे मला मान्य आहे. पण मोजून विकणे आम्हालाही जमण्यासारखे आहे.

लाकडाविषयी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने मलबारच्या सागवानातून बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात आहे आणि अजून तरंगते आहे. दोनशेहून जास्त वर्षे! वाळलेल्या लाकडाच्या वजनातला साधारण निम्मा भाग कार्बनचा असतो. झाडाने हवेतून घेतलेला तो कार्बन भट्टीत एका दुपारी परत हवेत जातो. तुळईत, दारात, नावेत दोन-तीन पिढ्या अडकून राहतो. पर्यावरण दिनाला आम्ही मुलांकडून रोपे लावून घेतो, घ्यावीतच. पण वाढलेल्या झाडाच्या लाकडाचा मान ठेवायला आम्ही त्यांना शिकवत नाही. सुताराला फणसाची फळी आणि आंब्याची फळी हात फिरवून ओळखता येते. आमच्या विज्ञान शाखेच्या मुलांना येत नाही आणि याची खंत कुणालाही वाटत नाही, याचे मला दुःख आहे.

शासनाकडे माझी मागणी साधी आहे. वनशास्त्राच्या पदवीधरांना झाडांची मोजणी आणि मूल्यांकन करण्याचा परवाना द्या, त्याचा मेहनताना ठरवून द्या आणि मालकी रानातल्या तोडीच्या अर्जासोबत अशा मोजणीचा कागद जोडणे बंधनकारक करा. अर्ज करणाऱ्याला थोडा खर्च येईल, तो विक्रीच्या रकमेतून सहज निघेल. नगरपालिकांनी वृक्ष अधिकाऱ्याच्या हाताखाली असा एक तरी माणूस नेमावा.

आपल्याकडेही एक मागणी आहे. हापूसच्या पेटीचा, काजूबीचा, सुपारीचा दर आपण छापता, म्हणून आमच्या शेतकऱ्याला दलालाशी बोलताना चार शब्द बोलता येतात. लाकडाचा दर कधीच छापून येत नाही. वनखात्याच्या आणि वनविकास महामंडळाच्या लाकूड-आगारांत लिलाव होतात, वखारींत रोज खरेदी होते. साग, ऐन, किंजळ, फणस आणि खैर एवढ्या पाच लाकडांचा घेरानुसार दर महिन्यातून एकदा आपल्या बाजारभावाच्या रकान्यात यावा. वखारींत जाऊन दर गोळा करण्याचे काम माझे विद्यार्थी करतील. मी त्यांच्याशी बोलले आहे, त्यांची तयारी आहे. संगमेश्वर आणि देवरुखपासून सुरुवात करता येईल. रकाना आपण द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक आणि शिक्षिका
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी