आयटीआयचा पैसा वर्कशॉपपर्यंत पोचू द्या

संपादक साहेब, नमस्कार. केंद्राने मे 2025 मध्ये आयटीआय सुधारायला 60,000 कोटींची योजना मंजूर केली, 30,000 केंद्राचे, 20,000 राज्यांचे, 10,000 कंपन्यांचे, चांगलंच आहे. पण माझा पुतण्या मुंबईतल्या एका सरकारी आयटीआयत फिटर करतोय, तिथे लेथ मशीन कमी नि पोरं जास्त, निम्मा वेळ नुसतं बघण्यात जातो, मग हात बसणार कधी? नवीन मशीन येतील हो, पण शिकवणारे निदेशक तासिका तत्त्वावर ठेवले तर ते टिकणार किती दिवस. राज्याने आधी निदेशकांची कायम पदं भरावीत आणि वेल्डिंग रॉड, सरावाच्या कामाचं लोखंड याला दरवर्षी वेळेवर पैसे द्यावेत, आमच्या भांडुप-विक्रोळीच्या पोरांना खाजगी कॉलेजची फी परवडत नाही.

– एक वाचक, भांडुप