कोकणकड्यावर भेटलेल्या काकांना

काका, नमस्कार.

मागच्या ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्यापाशी तुम्ही एका पोराला कॅमेरा पिशवीत ठेवायला लावला होतात. तो मी. तुमचा नंबर घ्यायचं सुचलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

पायथ्याच्या पाचनई गावाहून चढून मी दुपारी बाराला कड्यावर पोचलो होतो आणि तासाभरात दोनशेच्या वर फोटो मारले होते. सगळे 18 एमएमवर, म्हणजे लेन्स अगदी रुंद ठेवून, कारण सगळं मावलं पाहिजे. तुम्ही स्क्रीनवर चार-पाच पाहिलेत आणि विचारलंत, "यात कडा कुठे आहे?" खरं सांगतो, राग आला होता. पण डोक्यावरच्या उन्हात एवढा अजस्र कडा ओल आलेल्या भिंतीवरच्या डागासारखा दिसत होता, आणि अर्धी चौकट पांढरट आकाशानेच खाल्ली होती.

"साडेचारपर्यंत नुसती सावली बघ," म्हणालात आणि टोपी तोंडावर घेऊन चक्क झोपलात.

मी बघत बसलो. कड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो; ऊन त्याच्यावर येतं ते दिवस कलल्यावर. त्यातून तो वाटीसारखा आत वळलेला. एका अंगाला ऊन समोरून भिडत होतं, दुसऱ्या अंगाला घासून जात होतं, आणि त्या घासून जाणाऱ्या उन्हात कातळाची घडीन्घडी सुटी होत गेली. लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्री झाला हे शाळेत पाठ केलं होतं. दिसलं त्या दिवशी.

मग तुम्ही ट्रायपॉड गुडघ्याखाली उतरवलात, मला चार पावलं डावीकडे सरकवलंत. कड्याची कड चौकटीच्या कोपऱ्यातून निघून वळत आत गेली, पुढ्यात वाळकं गवत आलं, आकाशाची वरती जेमतेम पट्टी उरली. "आता उंची कळायला माणूस पाहिजे," म्हणत कडेपासून बेताने मागे तुम्ही स्वतःच जाऊन उभे राहिलात.

सूर्य टेकला तेव्हा सगळे शिट्ट्या मारत पश्चिमेचे फोटो काढत होते. तुम्ही माझा खांदा धरून मला उलटा फिरवलात. मागे तारामतीचा, गडावरच्या शिखराचा, माथा तांबूस पेटला होता. दोन मिनिटं, फार तर तीन. तो फोटो जरा हललाय, पण मी पुसलेला नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र अजून पटलेलं नाही: पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, हा पैशाचा चुराडा, हे. पावसाळ्यात ओल्या कातळाची चकाकी मारायला तो लागतोच. भेटलात की भांडू.

पाचनईत खाली उतरून आपण पिठलं-भाकरी खाल्ली त्या घरी फोटोची एक प्रत ठेवून आलोय. त्यात तुम्ही तांदळाच्या दाण्याएवढे आहात. पुढच्या खेपेला घेऊन जा.

तुमचा,
दोनशे फोटोंवाला